नाणेघाटातले आकडे आणि गणिताची धास्ती

जुन्नरहून पश्चिमेला घाटघरकडे निघाले की शेवटी पठार एकाएकी संपते आणि खाली कोकण दिसू लागते. तिथून उतरणारी दगडी वाट म्हणजे नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी कातळात कोरलेली एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ कोणते झाले, दक्षिणा किती दिली, गाई किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती, असा तो हिशेब आहे. लेखाचा बराच भाग झिजला आहे. तरी त्यातले आकडे वाचता येतात आणि भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

या आकड्यांत शून्य नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. २४,४०० लिहायचे तर वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी कोरायची. २८९ म्हणजे दोनशे, ऐंशी आणि नऊ. आपण आज त्यालाच ‘दोनशे एकोणनव्वद’ म्हणतो, म्हणजे आधी नव्वदपर्यंत जाऊन मग एक मागे येतो. कोरणाऱ्याचे काम त्या मानाने सरळ होते.

याच तालुक्यात पूर्वेला, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. घाटातल्या हिशेबापासून या दुर्बिणीपर्यंत गणिताचा दोन हजार वर्षांचा प्रवास एकाच तालुक्यात पाहता येतो. पण जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ‘मला गणितात बीएस्सी करायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो, ‘गणित घेऊन करणार काय?’ आणि वर्ष-दीड वर्षात दुसरा प्रश्न त्या मुलीच्याच मनात उभा राहतो, ‘मला हे झेपेल का?’

पहिला प्रश्न नोकरीचा आहे. दुसरा बराचसा आरोग्याचा आहे.

धास्ती शरीरात दिसते

परीक्षेच्या दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या तरुण मुलांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. छातीत धडधडते, तळहाताला घाम येतो, पोटात कालवते, रात्री झोप लागत नाही. ईसीजी ठीक असतो, रक्तदाब ठीक असतो. थोडे खोदून विचारले की उत्तर मिळते, ‘सोमवारी गणिताचा पेपर आहे.’

याला गणिताची चिंता म्हणतात. हे आळशीपणाचे किंवा मंदबुद्धीचे दुसरे नाव नव्हे. मोजदादीची मूळ क्षमताच कमी असणे, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, ही वेगळी गोष्ट आहे. ती लहानपणीच दिसू लागते. गणिताची चिंता चांगले गुण मिळवणाऱ्यांनाही असते.

ही चिंता नेमके काय करते, ते ॲशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले. आकडेमोड करताना मेंदू मधली उत्तरे थोडा वेळ धरून ठेवतो. हातचा लक्षात ठेवणे हे त्याचे साधे उदाहरण. या तात्पुरत्या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती सगळ्यांचीच तोकडी असते. ‘मला जमणार नाही’ हा विचार त्याच जागेत येऊन बसतो आणि गणिताला उरलेली जागा अपुरी पडते. म्हणून घरी सुटलेले गणित परीक्षेत अडते आणि घरी आल्यावर पुन्हा सुटते.

२०१२ मध्ये लायन्स आणि बायलॉक यांनी गणिताची धास्ती असलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले. ‘आता गणित येणार आहे’ अशी खूण दिसताच इन्सुला नावाचा भाग जागा झाला. शरीराला इजा किंवा वेदना होते तेव्हाही हा भाग काम करतो. गंमत अशी की प्रत्यक्ष गणित सोडवताना ही खळबळ दिसली नाही. त्रास होता तो गणित येण्याच्या वाटेवर. वर्गाच्या दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या मुलाला ही गोष्ट कुणीतरी समजावून सांगायला हवी. आत बसून पहिली ओळ लिहिली की सर्वांत वाईट क्षण बहुधा मागे पडलेला असतो.

घरच्या बोलण्याचाही यात हात असतो. ‘आपल्या घराण्यात गणित कुणालाच आले नाही’ हे वाक्य विनोद म्हणून बोलले जाते आणि मुले ते वारसा म्हणून घेतात. २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात गणिताला घाबरणारे पालक वारंवार मुलांना गृहपाठात मदत करत होते, तिथे मुलांची प्रगती कमी झालेली आढळली. मदत प्रेमाने होत होती, पण तिच्याबरोबर भीतीही पोचत होती.

बारावीचे गणित आणि पदवीचे गणित

पदवीच्या गणितात धक्का बसतो त्याला आणखी एक कारण आहे. विषयाचे नाव तेच राहते आणि काम बदलते. बारावीपर्यंत सूत्र ओळखायचे, त्यात किंमती घालायच्या आणि उत्तर काढायचे, एवढे जमले की पुरते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुढे रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप थिअरी असे विषय येतात. तिथे उत्तर बरेचदा प्रश्नातच दिलेले असते. ते खरे का आहे, ते सिद्ध करायचे असते. सूत्रे पाठ करून नव्वद गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याची वही इथे प्रथमच कोरी राहते. मराठी माध्यमातून आलेल्यांना पुस्तके इंग्रजीत मिळतात. म्हणजे एकाच वेळी दोन भाषा शिकायच्या, एक इंग्रजी आणि दुसरी सिद्धतेची.

या दुसऱ्या भाषेचे एक वाक्य पाहू. फलन ‘सतत’ आहे म्हणजे काय, याची व्याख्या पहिल्या वर्षी भल्याभल्यांना रडवते. तिला दवाखान्यात आणले तर ती सोपी होते. समजा, डॉक्टरांनी सांगितले की मधुमेहाच्या रुग्णाची साखर ठरावीक आकड्याच्या वर-खाली १० पर्यंतच हलली पाहिजे. मग प्रश्न येतो की इन्सुलिनच्या मात्रेत किती फरक चालेल? उत्तर मिळाले. आता डॉक्टरांनी पट्टा अरुंद केला, वर-खाली ५. पुन्हा मात्रेतला चालणारा फरक सांगता आला. मग २, मग १. पट्टा कितीही अरुंद केला तरी दर वेळी उत्तर देता येत असेल, तर मात्रा आणि साखर यांचे नाते त्या ठिकाणी सतत आहे. एप्सिलॉन आणि डेल्टा ही ग्रीक अक्षरे एवढेच सांगतात. एप्सिलॉन म्हणजे डॉक्टरांचा पट्टा आणि डेल्टा म्हणजे मात्रेतली मोकळीक.

ही भाषा मेंदूत कुठे उमटते, हेही आता ठाऊक आहे. मारी अमालरिक आणि स्तानिस्लास दहेन यांनी २०१६ मध्ये १५ व्यावसायिक गणितज्ञ आणि तितकेच शिकलेले, पण गणिताबाहेरचे १५ लोक यांची तुलना केली. बीजगणित असो वा भूमिती, गणितज्ञांच्या मेंदूत साधी संख्या ओळखताना काम करणारेच भाग उजळले. भाषेचे नेहमीचे भाग जवळपास शांत राहिले. लहान मूल बोरे मोजताना जी यंत्रणा वापरते, तीच वर्षानुवर्षांच्या सरावाने उच्च गणिताच्या कामी येते. पुढे अंध गणितज्ञांच्या मेंदूतही हेच जाळे सापडले.

तबकडी आणि सीटी स्कॅन

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. गणित घेऊन करणार काय?

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर किंवा नारायणगावजवळ अपघात होतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला सीटी स्कॅनसाठी नेतात. कवटी न उघडता आत रक्त साकळले आहे का, हे काही मिनिटांत दिसते आणि शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरते. हे चित्र कॅमेऱ्याने काढलेले नसते. ते गणिताने काढलेले असते.

एक छोटे कोडे सोडवून पाहावे. दोन ओळी आणि दोन स्तंभ अशा चार चौकटी आहेत. आत काय आहे ते दिसत नाही, फक्त बेरजा माहीत आहेत. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची ६, उजव्या स्तंभाची ८. आतले आकडे सांगा. वर १ आणि ४, खाली ५ आणि ४ हे उत्तर चालते. पण वर २ आणि ३, खाली ४ आणि ५ हेही चालते. चार बेरजा असून उत्तर एक मिळत नाही, कारण चौथी बेरीज पहिल्या तिघींतून आपोआप निघते. ती नवे काही सांगत नाही. आता एक तिरकी बेरीज घ्या. डावीकडची वरची आणि उजवीकडची खालची चौकट मिळून ७. लगेच एकच उत्तर उरते, २, ३, ४, ५.

सीटी स्कॅनचे यंत्र डोक्याभोवती फिरत वेगवेगळ्या कोनांतून अशाच बेरजा घेते. क्ष-किरण एका रेषेतून जाताना वाटेत एकूण किती शोषले गेले, ही ती बेरीज. चित्रात ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभ असतील तर चौकटी होतात २,६२,१४४. किती बेरजा पुरतील, त्यांतल्या खरोखर नव्या किती, उत्तर एकच येईल का, हे प्रश्न लिनिअर अल्जेब्राच्या वर्गातले आहेत. प्रत्येक चौकटीला मिळणाऱ्या आकड्याला हाउन्सफील्ड एकक म्हणतात. पाणी शून्य, हवा उणे हजार, ताजे साकळलेले रक्त साधारण ६० ते ८०. डॉक्टर पडद्यावर जो पांढुरका डाग पाहतात, तो मुळात एक आकडा असतो.

या गणिताचा पाया योहान रादोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्ये घातला, तेव्हा त्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. रुग्णावरचा पहिला स्कॅन झाला १९७१ मध्ये, इंग्लंडमध्ये. ॲलन कॉरमॅक आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना त्यासाठी १९७९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

आणि इथे खोडदचा धागा जुळतो. रेडिओ दुर्बिणीलाही आकाशाचे थेट चित्र मिळत नाही. पट्ट्या-पट्ट्यांतल्या बेरजांवरून मूळ चित्र कसे उभे करायचे, हा प्रश्न रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रासाठी सोडवला होता. पुढे त्यांनी रिडल यांच्याबरोबर १९६७ मध्ये जी पद्धत दिली, तिच्याच जातीची पद्धत भारतात जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये क्ष-किरणांसाठी मांडली. सीटी स्कॅनच्या संगणकांनी ती उचलली. या ब्रेसवेल यांच्या हाताखाली स्टॅनफर्डला पीएचडी केलेले एक भारतीय विद्यार्थी होते गोविंद स्वरूप. त्यांनीच पुढे खोडदची दुर्बीण उभी केली.

जीएमआरटीच्या तबकड्या ३० आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, एकमेकींपासून २५ किलोमीटरपर्यंत. दर दोन तबकड्यांची एक जोडी, म्हणजे ४३५ जोड्या. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एकेक घटक मोजते आणि फूरिये रूपांतर नावाचे गणित ते घटक एकत्र आणते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास परिसरातल्या शाळांची हजारो मुले ही दुर्बीण पाहायला जातात. तबकडी पाहून ती परत येतात. आपल्या तालुक्याच्या रुग्णाचा जीव वाचवणारे यंत्र आणि ही दुर्बीण गणिताने सख्खे भाऊ आहेत, हेही त्यांना सांगण्यासारखे आहे.

प्लेगचे आकडे

वैद्यकात गणित शिरले त्याची दुसरी गोष्टही महाराष्ट्रातूनच जाते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि तो वर्षानुवर्षे परतत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले दर आठवड्याचे मृत्यू नोंदवून ठेवलेले होते. आकडे चढत जातात, शिखर गाठतात आणि उतरतात. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅककेंड्रिक या दोघांनी साथीच्या गणिताचा एक मूलभूत निबंध लिहिला आणि आपले सूत्र पडताळायला मुंबईचे हेच आकडे घेतले.

मॅककेंड्रिक डॉक्टर होते. भारतात वैद्यकीय सेवेत असताना त्यांनी गणिताचा अभ्यास केला होता. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या स्फोटात वयाच्या २६ व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली आणि त्यानंतरचे गणित त्यांनी मनातल्या मनात केले.

त्यांची कल्पना अशी. लोकांचे तीन गट करा. लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. नव्या लागणी पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरतात. त्यामुळे साथ ओसरायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. पहिला गट पुरेसा लहान झाला की ती आपोआप मागे हटते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, म्हणून हे सूत्र त्याला ओढूनताणूनच बसते. तरी कल्पना टिकली. कोविडच्या काळात २०२० मध्ये वर्तमानपत्रांत रोज येणारे आलेख याच घराण्यातले होते.

गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देतो. साथ थांबवायची तर प्रत्येकामागे लागण एकाहून कमी व्हायला हवी. १८ पैकी १७ जण सुरक्षित असले पाहिजेत. हा हिशेब सुमारे ९५ टक्क्यांवर येतो. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांवर चढून जाणारी आशा कार्यकर्ती एकही मूल सुटू नये म्हणून का झटते, त्याचे उत्तर या भागाकारात आहे.

पुण्यात गणित शिकवणारा माणूस

दामोदर धर्मानंद कोसंबी बहुतेकांना इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पुणे जिल्ह्यातली लेणी, घाटवाटा आणि जुने व्यापारी मार्ग त्यांनी पायी पालथे घातले. त्यांचा पेशा मात्र गणिताचा होता. १९३३ पासून बारा वर्षे ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, त्यांनी जनुकशास्त्रावर चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला.

प्रश्न असा होता. गुणसूत्रावर दोन जनुके किती दूर आहेत, हे ती पुढच्या पिढीत किती वेळा एकमेकांपासून सुटतात यावरून मोजतात. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र येतात आणि अंतर खरे असते त्याहून कमी भासते. शिवाय एका अदलाबदलीजवळ दुसरी सहसा होत नाही. या दोन्ही गोष्टी जमेस धरणारे सूत्र कोसंबींनी दिले. ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ या नावाने ते आजही पिकांपासून माणसापर्यंत जनुकांचे नकाशे काढताना वापरतात.

मुलींसाठी मंगला नारळीकर यांचे उदाहरण जवळचे आहे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या एमएला त्या पहिल्या आल्या, १९६६ मध्ये लग्न झाले, मुली वाढवल्या, आणि १९८१ मध्ये संख्याशास्त्रीय आकडेवारीशी संबंध नसलेल्या शुद्ध अंकसिद्धांतात त्यांनी पीएचडी मिळवली. ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली. पदवीनंतर बरीच वर्षे गेली म्हणून गणित परत येत नाही, हा समज त्यांनी जगून खोटा पाडला.

नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी मिळणे अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गणिताच्या पदवीधराला आयआयटीच्या एमएस्सीची जॅम परीक्षा, संख्याशास्त्र, विमा क्षेत्रातले जोखमीचे हिशेब, संगणकाची कामे, शिक्षकी पेशा असे अनेक रस्ते असतात. वैद्यकीय संशोधनालाही आज अशी माणसे हवी आहेत.

आधी रक्त तपासा, मग बुद्धी

‘लक्ष लागत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला उपदेश करण्याआधी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या मुलींपैकी निम्म्यांना तो असू शकतो. लोह कमी पडले की थकवा येतो, चित्त ठरत नाही, जिना चढताना धाप लागते. सकाळी उपाशीपोटी एसटी पकडून कॉलेज गाठणाऱ्या मुलीला ‘तुला गणित जमत नाही’ असे सांगण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. ते १२ च्या खाली असेल तर उपचार आहेत आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतात.

दुसरी, डोळे. फळ्यावरचा एखादा छोटा घातांक नीट न दिसल्यामुळे पुढची सारी सिद्धता हातातून जाते. अनेकांना चष्म्याची गरज कॉलेजात आल्यावर कळते.

तिसरी, झोप. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट उचलायचे किंवा घरच्या शेतात राबायचे, दिवस मावळल्यावर बिबट्याच्या भीतीने उसाच्या कडेची वाट टाळत घर गाठायचे, आणि अभ्यासाला उरते ती रात्र. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपदेशाचा उपाय नाही. दिवसा उघडी राहणारी अभ्यासिका आणि उजेडात घरी पोचवणारी बस हे उपाय आहेत. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००४ मध्ये जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात लोकांना आकड्यांचे एक काम दिले. त्यात एक लपलेला सोपा नियम होता. मधल्या आठ तासांत झोपलेल्यांपैकी ज्यांना तो नियम सापडला, त्यांचे प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. अडलेले गणित रात्री एक वाजता डोके फोडून सुटत नाही आणि सकाळी दात घासताना सुचते, हा अनुभव अनेकांना असतो.

अभ्यास कसा टिकतो

अभ्यासाच्या युक्त्यांबाबत विज्ञान स्वतःलाही तपासते. परीक्षेच्या आधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असा निष्कर्ष २०११ मध्ये निघाला होता आणि तो फार गाजला. २०१८ मध्ये अशा २१ गाजलेल्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा हा फायदा दिसला नाही. लिहिल्याने मन हलके वाटत असेल तर जरूर लिहावे, पण गुण त्यावर सोपवू नयेत.

त्याच फेरतपासणीत दुसरी एक गोष्ट टिकली. वाचलेले पुस्तक मिटून, आठवून लिहिणे. नुसते पुन्हा पुन्हा वाचले की सगळे ओळखीचे वाटते आणि आपल्याला येते असा भास होतो. पुस्तक मिटले की खरे काय ते कळते. गणितात याचा अर्थ सरळ आहे. सिद्धता एकदा समजून वाचावी, वही मिटावी, कोऱ्या कागदावर लिहावी. जिथे अडेल तिथेच पाहावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहावी, आठवड्याने पुन्हा. पहिल्यांदा चार ओळींनंतर अडते. ते अपयश नाही, तीच शिकण्याची जागा आहे.

दुसरे, सिद्धता मराठीत कुणाला तरी समजावून सांगावी. परीक्षा इंग्रजीत असली तरी समजणे आपल्या भाषेत व्हायला हरकत नाही. समजले की इंग्रजी वाक्ये मोजकीच लागतात आणि तीच तीच येतात.

तिसरे, धास्ती आणि आजार यांतली रेषा ओळखावी. पेपरच्या आधी पोटात गोळा येणे साधारण आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशातच मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा जवळच्या रुग्णालयात जावे किंवा १४४१६ या ‘टेली मानस’च्या मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे दिवसरात्र कुणीतरी असते आणि मराठीतही बोलता येते. पालकांनीही हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, रिअल ॲनालिसिसच्या एका नापास पेपरानंतर, दरवर्षी काही मुले गणित सोडतात. त्यातल्या काहींना खरेच दुसरे काही आवडत असते आणि त्यांनी जावेच. पण काहींचे हिमोग्लोबिन नऊ असते, काहींना फळा दिसत नसतो, काही चार तास झोपत असतात आणि काहींना कुणी सांगितलेलेच नसते की इथे काम बदलले आहे, आपण बदललेलो नाही. या मुलांनी विषय सोडण्याआधी एकदा शिक्षकांना भेटावे, एकदा डॉक्टरांना.

नाणेघाटात २८९ कोरणाऱ्याकडे शून्य नव्हते, तरी त्याचा हिशेब दोन हजार वर्षे टिकला. आज कोऱ्या कागदापुढे चार ओळींनंतर अडलेल्या मुलीकडे शून्य आहे, पुढची ओळ उद्या लिहिण्याची सवड आहे, आणि तिच्या गावापासून फार दूर नसलेल्या खोडदला तीस तबकड्या तेच गणित रोज करत आहेत.